मारिसेलचा दुसरा हात

सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिताना हात आखडेल. २००० सालच्या दिवाळीत मी शारजाला धाकट्या बहिणीकडे तीन आठवडे राहिलो आणि तिथे एका बाईची नोकरी माझ्यामुळे धोक्यात आली. मी जेमतेम दोन-तीन वाक्यं बोललो होतो. ते टाळ्यांच्या धुंदीत बोललो, म्हणजे ते खरं माझ्या मनातलंच होतं. सांगलीला परत आल्यावर ऑफिसात, गल्लीत सगळे विचारतात, ‘काय काय पाहिलंत?’ मी उंच इमारती सांगतो, खाडीतल्या होड्या सांगतो, आणि गप्प बसतो. राहिलेलं इथे लिहितो आहे.

विमानात

या प्रवासात भीती माझ्यासोबत सांगलीपासूनच आली होती. बायकोने बहिणीसाठी अनारशांचा डबा दिला होता. शेजारच्या सीटवर चिपळूणकडचे एक फोरमन होते, बारा वर्षं आखातात काढलेले. डब्याचं झाकण उघडताच ते दचकले.

‘खसखस आहे काय वो यावर?’

‘आहे की. अनारसे आहेत.’

‘अहो, खसखस चालत नाय तिथे! अफूत धरतात. आमच्या साईटवरचा एक जण आत गेला होता.’

खाली समुद्र, वर आभाळ आणि मांडीवर एकवीस अनारसे. फोरमननी माणुसकी दाखवून सहा खाल्ले. मी नऊ खाल्ले. उरलेले कागदात गुंडाळून विमानाच्या संडासातल्या कचऱ्यात टाकले, परत येऊन शर्ट झटकला, मिशी पुसली, नखांत दाणा अडकलाय का पाहिलं. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या पांढऱ्या झग्यातल्या तरुणाने माझ्याकडे वर पाहिलं तेव्हा मला वाटलं, दातात असणार एखादा. मी तोंड घट्ट मिटून उभा राहिलो. त्याने काही विचारलं नाही. भीतीपोटी तोंड मिटून उभं राहिलं की निभावतं, हा धडा मी तिथे शिकलो, आणि पुढे तोच मला भोवला.

अल नहदा

सुनीताचं घर शारजात, अगदी दुबईच्या हद्दीला लागून, अल नहदामध्ये होतं. नवव्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत, आणि सकाळ-संध्याकाळ खाली गाड्यांची न हलणारी रांग. भाडं शारजात कमी म्हणून राहायचं इथे, आणि नोकरी दुबईत. त्यामुळे सुनीता आणि मिलिंदराव, माझे मेहुणे, ट्रॅफिक टाळायला सव्वासहालाच घराबाहेर पडत. एक खोली त्यांची आणि सईची. सई माझी भाची, वय वर्षं आठ. दुसरी खोली मारिसेलची.

पहिल्याच संध्याकाळी मिलिंदरावांनी मला समोर बसवून नियम सांगितले. मालवणचा माणूस, एरवी खूप विनोदी, पण तेव्हा आवाज खाली.

‘दादा, बायकांचे फोटो काढायचे नाहीत. रस्ता कुठूनही ओलांडायचा नाही. आणि मारिसेलबद्दल कोणी विचारलं तर ती सुनीताची मैत्रीण, भेटायला आलीय.’

‘रोज?’

‘रोज. हा फ्लॅट फॅमिलीलाच दिलेला आहे. शेअरिंग चालत नाही. सगळेच करतात, पण तोंडाने बोलायचं नाही. कळलं तर खलास.’

मी मान डोलावली. तेव्हापासून लिफ्टमध्ये कोणी शिरलं की मी जमिनीकडे बघायचो. खाली मजीदभाई नावाचे बांगलादेशी नातूर होते. नातूर म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार. ते मला ‘सलाम, मामा’ म्हणायचे आणि मला वाटायचं, हे आता विचारणार.

मारिसेल मनिलाची होती, पस्तिशीची, दुबईत करामाला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर. पहिल्या रविवारी तिने माझ्यासाठी व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये मंद शिजवलेली कोंबडी केली. आमच्याकडे कोंबडीला तिखटाशिवाय कोणी हात लावत नाही. पण भातावर तो आंबूस रस्सा घेतला आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिचे वाळवलेले मासे तळायला लागले की सुनीता नाकाला पदर लावायची आणि मिलिंदराव स्वयंपाकघराकडे ओढले जायचे. ती मला ‘कुया’ म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ; सई तिला ‘तिता’ म्हणायची, म्हणजे मावशी. तिच्याकडेही वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्याच्या शेवटी आदराचा एक शब्द लावतात, आपल्या ‘जी’सारखा. मला फार बरं वाटलं होतं त्याचं.

आणि ती नकला करायची! मी जिल्हा परिषदेत कारकून आहे, पण गॅदरिंगला माझ्या नकलांशिवाय पडदा पडत नाही. साहेबांच्या, एसटी कंडक्टरच्या, लग्नात आहेर मोजणाऱ्या मामींच्या. हे सुनीताने सांगितल्यावर मारिसेलने स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मला आख्खं मनिला दाखवलं.

जीपनी म्हणजे त्यांची रंगवलेली, लांबट, माणसांनी कोंबलेली जीप. भाडं हातोहात पुढे जातं. त्यात एक जण नेमका अशा वेळी झोपतो, की पैसे पुढे सरकवायला नकोत. मारिसेल मान टाकून घोरायची, आणि उतरायचं ठिकाण आलं की डोळे टक्क उघडायची. गल्लीतल्या जाळीआडच्या दुकानातली बाई साबण देताना विचारणार, ‘काल तुझ्याकडे आलेला तो कोण?’ आणि विचारताना बोट दाखवणार नाही; ओठांचा चंबू करून दिशा दाखवणार. तिथे सगळे ओठांनीच दाखवतात. परदेशातून सुट्टीवर आलेला माणूस भर उन्हात जाकीट घालून फिरणार, सगळ्यांना चॉकलेटं वाटणार, आणि तीन आठवड्यांनी शेजाऱ्याकडे उसने मागणार. माईक हातात घेतलेल्या काकांना गाणं थांबवा म्हणायची कोणाची छाती नाही. आणि शेवटचा तिचा हुकमी: मित्र वाट बघतायत, आणि हा आंघोळीला बसलेला असताना फोनवर म्हणतो, ‘पोचलोच, वाटेतच आहे!’

‘आमच्या सांगलीत पण असंच!’ मी म्हणालो. ‘घरात असतात आणि म्हणतात, हा काय, कोपऱ्यावर आलो!’

‘मग कुया, आपण एकाच गावचे,’ ती म्हणाली. ती इंग्रजीत बोलायची, मधे मधे कामापुरतं हिंदी. माझं इंग्रजी अर्जातलं. तरी आमचं जमायचं.

एका शुक्रवारी ती मला आणि सईला दुबईतल्या सत्वा भागात घेऊन गेली. तिथली एक गल्ली मनिलाच आहे. सुट्टीचा दिवस, बायका घोळक्यांनी फिरत होत्या. मी मारिसेलला विचारलं, चहा कुठे मिळेल. तिने काही न बोलता ओठ पुढे काढले, आणि चहाचं दुकान तिथेच होतं. सई आणि मी पोट धरून हसलो. त्या वेळी मी तिच्यासोबत हसत होतो.

हॉलमधला पडदा

मी हॉलमध्ये सोफ्यावर झोपायचो. हॉल आणि दाराकडची चिंचोळी वाट यांच्यामध्ये एक जाड पडदा होता, त्याला मधे फट. फोन त्या वाटेतच. सकाळी सात वाजता फोन वाजायचा, मारिसेल घेऊन ‘ओके, ओके’ म्हणायची, ठेवायची, आणि मग स्वतः एक नंबर फिरवायची. फटीतून मला तिची डावी बाजू दिसायची: कान, फोन, केसांतली क्लिप, पायात चप्पल नाही. आणि ती अगदी धाप लागल्यासारख्या आवाजात म्हणायची, ‘सर, आय ॲम इन द बस ऑलरेडी. बिग ट्रॅफिक, सर. सत्वा सिग्नल, सर.’

मी उशीत तोंड खुपसून हसायचो आणि परत झोपायचो; सई शाळेला कधी निघते ते मला कळायचंही नाही. आंघोळीतून ‘पोचलोच’ म्हणणारा माणूस मला प्रत्यक्ष सापडला होता! चार-पाच सकाळी मी तो आवाज, ती धाप, ते ‘सर’ डोक्यात बसवलं. तिला का उशीर होतो, असा प्रश्न मला पडलाच नाही. नकलाकाराला तो पडत नाही. त्याला लकब लागते.

दिवाळीचा कार्यक्रम

तिथल्या मराठी मंडळींनी एका शाळेच्या हॉलमध्ये शुक्रवारी दुपारी फराळ ठेवला होता. दोनशे माणसं, चकल्या, लहान मुलांनी इंग्रजी वळणाने घडाघडा म्हटलेले श्लोक. सुनीताने माझं नाव दिलेलं. साहेब, कंडक्टर झाले. टाळ्या बऱ्या होत्या. मग मी म्हणालो, ‘आता मनिलाला जाऊ या,’ आणि जीपनीतला झोपलेला माणूस काढला. हॉल उसळला. चंबूवाली बाई. जाकीटवाला. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. आणि शेवटी मी फोन कानाला लावला. डाव्या हातात फोन, उजव्या हातात कंगवा. केस विंचरत विंचरत, आरशात बघत, ‘आय ॲम इन द बस ऑलरेडी, सर!’

कंगवा माझा होता. फटीतून तिचा उजवा हात मला कधी दिसलाच नव्हता.

कार्यक्रमानंतर प्लेट हातात असताना एक टाय लावलेले गृहस्थ डोळे पुसत आले. खानविलकर, एका दवाखान्याचे मॅनेजर. ‘काय हो, काय हुबेहूब! आमच्याकडे रिसेप्शनला एक आहे, मारिसेल. रोज हाच फोन, हाच आवाज!’

मी छाती फुगवून म्हणालो, ‘तीच ती!’ आणि टाळी हवी म्हणून वर, ‘आमच्याकडेच राहते. फोन करते तेव्हा पायात चप्पलसुद्धा नसते!’

खानविलकर हसायचे थांबले. अर्धी करंजी त्यांनी प्लेटमध्ये ठेवली. ‘अस्सं,’ म्हणाले, ‘असं आहे होय.’

हॉलमधला एसी मला एकदम जाणवला.

पाच दिवस

शनिवारी संध्याकाळी मारिसेल आली आणि सरळ खोलीत गेली. सुनीता आत जाऊन आली. दवाखान्याने पत्र दिलं होतं: खोटं कारण सांगून वारंवार उशीर. हे दुसरं पत्र. तिसरं मिळालं की व्हिसा रद्द आणि परत. मालक डॉक्टर बुधवारी भारतातून येणार होते, तिसऱ्या पत्राचं तेच ठरवणार. तिकडे मनिलात तिची आई आणि नऊ वर्षांची मुलगी तिच्या पगारावर होत्या.

‘कोणी सांगितलं काय माहीत,’ सुनीता म्हणाली. ती कार्यक्रमात फराळ वाढत होती. माझं आणि खानविलकरांचं बोलणं तिने ऐकलं नव्हतं.

मी सांगायला हवं होतं. तोंड मिटून बसलो. रविवारी स्वयंपाकघरात मारिसेलने मलाच विचारलं, ‘कुया, मी फोन घरातून करते हे त्यांना कसं कळलं असेल?’

आणि मी, एकोणपन्नास वर्षांचा माणूस, म्हणालो, ‘नातूरने ऐकलं असेल.’

ती मान हलवून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती मजीदभाईंच्या सलामाला उत्तर देईना. त्यांनी मला विचारलं, ‘मामा, मॅडम गुस्सा है क्या हम पे?’ मी लिफ्टचं बटण दाबत राहिलो.

त्या दिवसांत बेल वाजली की मी दचकायचो. तपासणीला कोणी आलं असेल, खानविलकरांनी घराचं कुणाला सांगितलं असेल, सुनीताचा संसार रस्त्यावर येईल. मिलिंदराव मला वाळवंट दाखवायला घेऊन गेले. लाल वाळू, दूरवर उंट, सूर्य खाली उतरतोय, आणि मी विचारतोय, ‘मिलिंदराव, व्हिसा रद्द झाला की किती दिवसांत जावं लागतं?’

‘तुमचा अजून दहा दिवस आहे दादा, घाबरता कशाला!’

मारिसेलला मी चिवड्याचा डबा दिला. तिने ‘थँक यू, कुया’ म्हटलं. तिला ती माया वाटली. तो चिवडा तिला खाताना बघणं ही मला त्या प्रवासातली सगळ्यात मोठी शिक्षा वाटली, पण शिक्षा भोगली म्हणजे कबुली दिली असं होत नाही.

मंगळवारी सकाळी सात वाजता फोन वाजला. मारिसेलने घेतला, ‘ओके’ म्हणून ठेवला. दुसरा फोन तिने केला नाही. मग दार लागलं. दुपारी सई शाळेतून आली तेव्हा मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘सकाळी कोणाचा फोन येतो गं?’

‘बस अंकलचा,’ ती म्हणाली. ‘ही कॉल्स व्हेन द स्कूल बस इज लेट.’

‘मग?’

‘मग काय? तिता मारिसेल वेट्स विथ मी, मामा. आई-बाबा तर सिक्सलाच जातात. शी कॅरीज माय बॅग. इट्स सो हेवी.’ आणि मग, जणू मला काहीच माहीत नसल्याची दया येऊन, ‘शी इज लेट बिकॉज ऑफ मी. इट्स अ सीक्रेट. सरला सांगायचं नाही, कारण देन दे विल आस्क व्हाय शी लिव्ह्ज हिअर.’

मी सोफ्यावर बसलो. पडद्याकडे बघत राहिलो. माझ्याच भाचीसाठी ती खोटं बोलत होती, माझ्याच बहिणीच्या घरासाठी. आणि मी तिच्या हातात कंगवा दिला होता.

करामा

तासाभराने सुनीता ऑफिसातून लवकर आली. सईला तिच्या हवाली करून, ‘जाऊन येतो’ एवढंच सांगून मी टॅक्सीत बसलो. परक्या देशात एकटा पहिल्यांदाच. तीस दिरहम, म्हणजे पावणेचारशे रुपये. पेशावरचा ड्रायव्हर बोलत होता, मला एक शब्द कळत नव्हता. दवाखान्याच्या काचेतून मारिसेल दिसली, पेशंटचं नाव लिहून घेत होती. तिला दिसू नये म्हणून मी मागच्या दाराने गेलो. तेवढा भित्रेपणा अजून शिल्लक होता.

खानविलकरांना मी सगळं सांगितलं. शाळेची बस, सई, फ्लॅट, सगळं.

‘अहो, हे तिने सांगायचं ना!’ ते म्हणाले. ‘फाईलला सत्वाचा पत्ता दिलाय तिने.’

‘ती आमचं घर वाचवत होती. आता मी तेच तुमच्या हातात देतोय. तुम्ही कुठे बोललात तर माझी बहीण...’

‘मी कुठे बोलणार?’ ते चिडले. ‘मी पण सहा वर्षं शेअरिंगमध्येच काढली की! पण तुम्ही त्या दिवशी केवढं हसवलंत हो. मी घरी जाऊन बायकोला करून दाखवली ती बाई.’ त्यांनी समोरची फाईल मिटली. ‘डॉक्टरांशी बोलतो. इन्शाल्ला. खात्री देत नाही.’

घरी येऊन मी सुनीता-मिलिंदरावांना सांगितलं. सुनीता रडली. मिलिंदराव एकच वाक्य बोलले, ‘दादा, मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.’ त्यानंतर मी निघेपर्यंत ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. सकाळी मी खाली जाऊन मजीदभाईंची माफी मागितली. त्यांना कशाची ते नीट समजलं नाही. त्यांनी मला खुर्ची दिली.

शेवटची संध्याकाळ

बुधवारी संध्याकाळी मारिसेल आली. नोकरी राहिली होती. तिसरं पत्र नाही, पण एक तारखेपासून सकाळची पाळी, साडेसहाला हजर. म्हणजे शारजात राहणं शक्य नव्हतं. करामात एका खोलीत चौथी म्हणून तिला जागा मिळत होती. खानविलकरांनी तिला कोण, कसं, सगळं सांगितलं होतं.

ती खोलीत बॅग भरत होती. मी दारात उभा राहिलो. सई पलंगावर बसून तिला घड्या घालून देत होती.

‘मी गेलेच असते कुया,’ ती मागे न बघता म्हणाली. ‘पाळीचं निमित्त. या घरात पडद्याआडून ऐकतात.’

ती वळली.

‘कर,’ म्हणाली.

‘काय?’

‘तिथे केलंस ते. दोनशे लोकांनी पाहिलं. मी नाही पाहिलं.’

मी नाही नाही म्हणालो. ती पलंगावर सईच्या शेजारी बसली आणि हात मांडीवर ठेवून वाट बघू लागली. मी डावा हात कानाशी नेला. ‘सर,’ मी म्हणालो, ‘आय ॲम इन द बस ऑलरेडी.’ आवाज हुबेहूब तिचा होता. त्याचीच मला लाज वाटली. उजवा हात डोक्याकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला.

‘आणि हा?’ ओठांचा चंबू करून तिने माझ्या उजव्या हाताकडे दाखवलं. ‘या हातात काय होतं तिथे?’

‘कंगवा.’

ती हसली नाही, चिडलीही नाही. उठली, कोपऱ्यातलं सईचं दप्तर उचललं आणि माझ्या उजव्या हातात दिलं. जड होतं. खांदा खाली गेला.

‘आता कर.’

मला पुढचं येईना. अर्जातलं इंग्रजी तोंडात आलं, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ अशा थाटाचं. ते मी गिळलं. सईकडे बघितलं. म्हटलं, ‘सई, मी मराठीत सांगतो, तू तिला सांग. काही गाळायचं नाही.’

‘ओके मामा. स्लोली सांग.’

दप्तर खाली न ठेवता मी सांगायला लागलो, आणि प्रत्येक वाक्यानंतर सई तिला इंग्रजीत सांगत गेली.

‘मारिसेल, मी फटीतून तुझी एकच बाजू बघितली. दुसरी बाजू मी मनाने घातली, लोकांनी हसावं म्हणून. तुझं नाव आणि तू राहतेस ते घर मीच सांगितलं, नातूरने नाही. तू विचारलंस तेव्हा घाबरून मी त्या गरीब माणसाचं नाव घेतलं. तू मला थोरला भाऊ म्हणालीस, आणि मी ते निभावलं नाही. मला माफ कर.’